मदत हवी आहे: मॅग्नेट ट्रॅकवर गाडी गेटच्या शेवटी अडकते

गोलगोल_गोंधळ
जरा लवकर मदत हवीय. मॅग्नेटचा ट्रॅक केलाय, व्ही गेटवाला, म्हणजे दोन बाजूंना मॅग्नेटच्या रांगा व्हीसारख्या लावून. गाडी आत मस्त खेचली जाते, जोरात सुटते आणि गेटच्या शेवटी गचकन थांबून मागेपुढे डुलत बसते. अंतर कमी केलं, जास्त केलं, शेवटचे दोन मॅग्नेट उलटे लावले, काही फरक नाही. हाताने बाहेर काढली तर पुढच्या मोकळ्या भागातही लगेच दम सोडते. व्हिडिओत तर विजेशिवाय गरागरा फिरतात. शेवटच्या मॅग्नेटचा अँगल किती ठेवायचा एवढंच सांगा, थिअरी नको प्लीज.

लेथवाला_कोल्हापूर
मॅग्नेट कुठले, काळे फेराइट का चकचकीत निओडायमियम? साईज? गाडीखाली मॅग्नेट आहे का नुसतं लोखंड? ट्रॅक सरळ का गोल? एवढ्यावरून अँगल सांगायला आम्ही काय ज्योतिषी आहोत?

गोलगोल_गोंधळ
चकचकीतच की. १० बाय ३ मिमीच्या चकत्या. गाडीखाली पण एक आहे. आणि ट्रॅक गोलच असणार ना, फिरवायचंय म्हटल्यावर. फोटो रात्री टाकतो.

पेठेतला_पप्पू
एन ३५ म्हणजे कमी जोराच्या ग्रेडचे असतील तर फेकून द्या, जास्त जोराचे एन ५२ घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, भाव करा. मी एन ५२ वर गेलो आणि माझा गेट एकदम पॉवरफुल झाला.

लेथवाला_कोल्हापूर
गाडी बाहेर पडली का तुमची?

पेठेतला_पप्पू
अजून नाही, पण खेचते जबरदस्त.

शाळेतल्या_बाई
ग्रेड वाढवून उपयोग नाही, जेवढ्या जोराने आत ओढेल तेवढ्याच जोराने बाहेर पडताना धरून ठेवेल. थिअरी नको म्हणालात, पण तुमचं उत्तर तिथेच आहे. मॅग्नेट कसेही मांडा, गाडी पूर्ण फेरा मारून त्याच जागी आली की आत येताना जे मिळालं ते बाहेर पडताना परत द्यावं लागतं आणि वर चाकांचं घर्षण द्यावं लागतं ते वेगळंच. अँगल बदललात तर अडकायची जागा पुढेमागे सरकेल, जाणार नाही. चढावर चढून पलीकडे पडणाऱ्या गोळीचे जे व्हिडिओ आहेत ना, त्यात गोळी सुरुवातीला मॅग्नेटजवळ हाताने ठेवलेली असते. तो हातच इंधन.

मुक्तऊर्जा_७७
बाई, पुस्तकाबाहेर पण जग आहे. हॉवर्ड जॉन्सनला १९७९ साली अमेरिकेत परमनंट मॅग्नेट मोटरचं पेटंट मिळालंय, नंबर ४१५१४३१, बघा काढून. पेटंट ऑफिसवाले काय खुळे आहेत?

लेथवाला_कोल्हापूर
पेटंट मिळालं म्हणजे मशीन चालतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? १९७९ पासून ती मोटर एकाही विहिरीवर पंप चालवताना दिसली का? आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर कलम ३ मध्ये लिहिलंयच की सर्वमान्य निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोध धरतच नाहीत.

मुक्तऊर्जा_७७
तेच तर. दाबून टाकायची सोय करून ठेवलीय. तेल कंपन्यांना विचारा.

वीजबिल_त्रस्त
मॅग्नेटचाच विषय आहे म्हणून सांगतो, घरातले पंखे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचे करून घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. त्याच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, पण परमनंट मॅग्नेटच असतात. आमच्याकडे सगळे बदलले, फक्त रिमोट सोफ्याच्या फटीत जातो.

लेथवाला_कोल्हापूर
त्यात कॉइलला वीज द्यावी लागते हो काका. रोटरचा मॅग्नेट जवळ आला की कॉइल त्याला ओढते आणि नेमक्या वेळी करंट उलटा होतो, म्हणून तिथे अडकत नाही. धागाकर्त्यांना फुकट पाहिजे.

शाळेतल्या_बाई
एक राहिलं. मोकळ्या भागात गाडी दम सोडते म्हणालात, तिथे तर मॅग्नेटच नाहीत. ट्रॅक कशाचा आहे?

गोलगोल_गोंधळ
अॅल्युमिनियम चॅनल, फॅब्रिकेशनवाल्याकडून गोल वाकवून घेतली. अॅल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही म्हणूनच तर घेतली, एवढं कळतं मला.

शाळेतल्या_बाई
चिकटत नाही, पण थांबवतं. गाडीखालचा मॅग्नेट चॅनलवरून पळाला की अॅल्युमिनियममध्ये भोवरा करंट तयार होतात आणि ते गतीला विरोध करतात, जितकी जोरात गाडी तितका विरोध जास्त. खात्री करायची तर चॅनल शेजारी तेवढ्याच उतारावर प्लायचा तुकडा ठेवा, तीच गाडी दोन्हीवर सोडून बघा. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि अँगलने दोन्हीपैकी एकही सुटणार नाही.

गोलगोल_गोंधळ
पैसे दिलेत हो त्या चॅनलचे 😑 आणि बाप्पा तोंडावर आलेत.

लेथवाला_कोल्हापूर
बाप्पा? हे काय मध्येच?

गोलगोल_गोंधळ
आरासच करतोय ना मंडळाची! मूर्तीभोवती उंदीरमामा फिरणार, तोंडात मोदक. मेव्हणा म्हणाला मॅग्नेटवर होतं, वायर दिसत नाही.

लेथवाला_कोल्हापूर
अरे देवा. आणि मखरात वीज आहे?

गोलगोल_गोंधळ
आहे की, लायटिंगला तीन बोर्ड काढलेत.

लेथवाला_कोल्हापूर
मग कशाला त्या गेटच्या नादी लागलात! मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटलीखाली असते ती सिंक्रोनस मोटर घ्या, २३० व्होल्ट, ४ वॅट, मिनिटाला ५-६ फेरे. प्लायच्या खाली बसवा, शाफ्टला आडवी पट्टी, पट्टीच्या टोकाला मॅग्नेट आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन, नाहीतर कुरकुरेल. वर उंदराखाली तुमच्या त्याच चकत्या, खालच्या मॅग्नेटला खेचतील अशा बाजूने. प्लाय पातळ ठेवा, मॅग्नेटचा जोर अंतराने झपाट्याने मरतो. वायर कोणाला दिसणार नाही. जोडणी मात्र वायरमनकडून.

पेठेतला_पप्पू
ती मोटर घेताना बघून घ्या, त्यातल्या बऱ्याच सुरू होताना कुठल्याही बाजूला फिरतात. आमच्या सोसायटीच्या आरतीत मामा उलटे पळत होते. सरळ फिरेपर्यंत बटण चालू-बंद करावं लागतं. आणि एन ५२ च लावा.

मुक्तऊर्जा_७७
म्हणजे शेवटी वीज खाल्लीच. गेट तीन मजली करून बघितलाय का कोणी?

शाळेतल्या_बाई
चकत्या चिकटवताना हॉट ग्लूची बंदूक थेट मॅग्नेटवर धरू नका, साध्या ग्रेडचे निओडायमियम ८० अंशांच्या वर जोर घालवायला लागतात. दोन भागांचा इपॉक्सी लावा. आणि मंडपात लहान मुलं असणार, सुटी चकती कुठेही पडू देऊ नका. दोन पोटात गेल्या तर आतड्याच्या पापुद्र्यातून एकमेकींना धरतात, थेट ऑपरेशन.

गोलगोल_गोंधळ
ओके, मोटर बघतो. मेव्हण्याकडे एक पडलीय १२ व्होल्टची, ती चालेल का?

लेथवाला_कोल्हापूर
एसी का डीसी? फेरे किती? कशातली काढलीय?

वीजबिल_त्रस्त
त्या १० बाय ३ च्या चकत्या केवढ्याला पडल्या? फ्रिजच्या दारासाठी हव्यात.