नाताळानंतर घरात उरणारा कचरा : आपापले अनुभव लिहावेत

काल माळ्यावरून सजावटीचे खोके काढताना त्याच्या तळाशी भेटवस्तू गुंडाळण्याचा एक जुना कागद सापडला आणि त्यावरच्या इस्त्रीच्या घड्या पाहून आईची आठवण झाली. भेटवस्तू उघडताना आम्हां भावंडांना कागद फाडण्याची मुभा नसे. चिकटपट्टी सुरीच्या पात्याने अलगद सोडवायची, कागद उलटा करून त्यावर फडके टाकून कोमट इस्त्री फिरवायची आणि पुढच्या नाताळापर्यंत तो गादीखाली ठेवायचा, असा तिचा शिरस्ता होता. मला तेव्हा त्याची लाज वाटे. या वर्षी मात्र जमिनीवरच्या ढिगातून पुनर्चक्रीकरणाला काय देता येईल हे निवडण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. मुठीत चुरगळून सोडल्यावर चुरगळलेला राहिला तर तो कागद, आणि आपोआप उलगडू लागला तर त्यावर प्लॅस्टिकचा थर, एवढी एकच कसोटी मला ठाऊक होती. निम्मा ढीग तिला उतरला नाही. आपण काय करता आणि कुठे फसता, ते कृपया लिहावे.

सुतळीचा_तोडा : फसल्याचाच अनुभव लिहितो. उघडताच धून वाजवणारे एक शुभेच्छापत्र मी रद्दीत टाकले होते. रात्री दोनच्या सुमारास गठ्ठा सरकला असावा, कारण ते उघडले आणि अंधारात गाऊ लागले. तिसऱ्यांदा गायले तेव्हा उठून मी त्याचा आतला पुठ्ठा सोलला. आत कागदाइतकी पातळ चकती, दोन तारा आणि शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी होती. ती काढल्यावर उरलेला पुठ्ठा रद्दीत चालतो. बॅटरीला मात्र दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ती बॅटऱ्यांच्या वेगळ्या संकलनात द्यावी. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर आग लागू शकते, आणि मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजते, त्यामुळे ती टेबलावर ठेवून झोपायला जाऊ नये.

धागाकर्ती : आपल्या झोपेबद्दल सहानुभूती आहे, तरी धून कोणती होती, हे सांगायचे राहिले.

सुतळीचा_तोडा : ती आता मला ऐकवत नाही, म्हणून मुद्दामच लिहिली नाही.

रिकामा_डबा : चमकीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे बारीक तुकडे असतात आणि ते कागदाच्या लगद्यात मिसळले की वेगळे काढणे कठीण जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. आमच्याकडे शुभेच्छापत्राचा चमकीचा भाग कात्रीने कापून उरलेल्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या करतात. त्या चिठ्ठ्यांवर पुढचे सहा महिने वाणसामानाची यादी लिहिली जाते.

वाकडी_फांदी : आमचे झाड प्लॅस्टिकचे असून त्याचे हे तेरावे वर्ष आहे. एक फांदी तारेने बांधलेली असल्यामुळे ती बाजू भिंतीकडे करावी लागते. पाहुणे दरवर्षी नवे घेण्याचा सल्ला देतात, तेव्हा मी त्यांना कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचा हिशेब ऐकवतो : सुमारे दोन मीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडाचा कार्बनभार, म्हणजे त्यापायी हवेत जाणारे तापमानवाढीचे वायू, ४० किलोच्या आसपास असतो. तेवढेच खरे झाड कचराभूमीत सडले, तर त्यातून निघणाऱ्या मिथेनमुळे तो १६ किलोपर्यंत जातो, पण त्याचा भुगा करून मातीवर पसरला तर तो सुमारे साडेतीन किलोवर येतो. म्हणजे माझ्या झाडाची भरपाई आत्ता कुठे होऊ लागली आहे, आणि ते मोडणे मला परवडणारे नाही.

घडीची_पिशवी : आईच्या शिरस्त्याबद्दल एक शंका मांडते, राग नसावा. माझ्या सासूबाईही प्रत्येक खोके आणि फीत जपून ठेवतात, परंतु त्यांतले काहीच पुन्हा वापरले जात नाही. कपाट भरले की सारे एकदम बाहेर जाते, म्हणजे कचरा कमी न होता केवळ उशिरा निघतो. शेवटी आम्ही जपायच्या वस्तूंसाठी एकच खोके नेमले; ते भरले की नवी फीत आत जाण्यापूर्वी एक जुनी वापरली गेली पाहिजे. गेल्या वर्षीपासून भेटवस्तू ओढण्यांत बांधून देतो आणि ओढणी परत मागायला लाजत नाही.

धागाकर्ती : राग कसला! आईच्या गादीखालचे सर्व कागद मात्र वापरले जात. एकच कागद दरवर्षी लहान लहान होत जाई, कारण फाटलेली कड ती कापून टाकी. काल सापडलेला जेमतेम वहीच्या पानाएवढा उरला आहे.

एकतिसावा_दिवा : दिव्यांच्या माळा साध्या कचऱ्यात टाकू नयेत, एवढेच लिहायला आलो होतो. वर्गीकरण केंद्रातल्या फिरत्या रुळांना त्या गुंडाळल्या जातात आणि यंत्र थांबवून हाताने कापून काढाव्या लागतात. शिवाय त्यांत तांबे असल्यामुळे त्यांची जागा विजेच्या जुन्या वस्तूंच्या संकलनात आहे. आमची जुन्या पद्धतीची माळ बंद पडली तेव्हा ती टाकण्यापूर्वी मी एकेक दिवा अंगठ्याने दाबून पाहिला. दिवे एकामागोमाग एक जोडलेले असल्याने एकही सैल असला तरी अख्ख्या माळेचा प्रवाह तुटतो. एकतिसावा दिवा सैल निघाला, तो दाबताच अख्खी माळ लागली, आणि तेव्हा पत्नीने आठवण करून दिली की झाड आपण कालच उतरवले आहे.