हलगीवर ट्रॅप बसत नाही, मग काय बसेल? हिप-हॉपच्या उपप्रकारांबद्दल मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : खानापूरकर

नमस्कार. आम्ही खानापूर आणि बेळगावचे पाच मित्र मिळून एक गाणे करत आहोत. दोघे मराठीत रॅप करतात, एक जण कन्नडमध्ये करतो, एक जण लॅपटॉपवर बीट तयार करतो आणि मी लिहितो. लहानपणापासून शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ज्यांची हलगी ऐकत आलो, ते शेजारच्या गावातील एक काका आमच्यासोबत वाजवायला तयार झाले आहेत, आणि हे गाणे त्यांच्या हलगीला शोभेल असे व्हावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी आहे की आमच्या मित्राने १४० बीपीएमचा (मिनिटाला १४० ठोक्यांचा) ट्रॅप बीट बनवला, काकांनी त्यावर हलगी वाजवली, आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकल्या तर उत्तम वाटतात, पण एकत्र केल्या की नुसता गोंगाट होतो. एक मित्र म्हणतो ड्रिल करू, दुसरा म्हणतो बूम बॅप. मी या प्रकारांबद्दल जे वाचले त्यात कोणता प्रकार कोणत्या शहरात जन्मला आणि त्यात कशाबद्दल गातात एवढेच सापडले, पण कानाला फरक नेमका कशामुळे जाणवतो ते कळले नाही. उपप्रकार कशावरून ओळखायचा, आणि आमच्या हलगीला व भाषेला कोणता जवळचा आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : वडगावचा श्रोता

तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. विषयावरून उपप्रकार ओळखायला गेलात तर नेहमी गोंधळ होईल, कारण गरिबी, पोलीस, गल्ली आणि आई हे विषय जवळजवळ प्रत्येक प्रकारात येतात. त्याऐवजी किक (ड्रमचा खालचा जड ठोका) आणि स्नेअर (वरचा कडक ठोका) कुठे पडतात, त्यांच्यामधली जागा कशाने भरली आहे आणि खालचा खर्ज कसा वागतो, या तीन गोष्टी ऐका.

मुळापासून पाहिले तर हे लगेच पटते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क याने बहिणीने ठेवलेल्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातील गायन थांबून फक्त ताल उरतो तेव्हाच लोक सर्वांत जोरात नाचतात, हे त्याने हेरले होते, आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तालाचा तेवढाच तुकडा लांबवू लागला. म्हणजे आधी तालाचा तुकडा आला आणि शब्द त्यावर नंतर उभे राहिले.

बूम बॅप या नावातच त्याची ओळख आहे : ‘बूम’ म्हणजे किक आणि ‘बॅप’ म्हणजे स्नेअर. साधारण ८५ ते ९५ बीपीएमच्या चालीत दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर कडक वाजते. त्या काळातील एसपी-१२०० या यंत्रात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येत असे, त्यामुळे जुन्या रेकॉर्डमधले अगदी लहान तुकडे कापून पुन्हा जोडावे लागत, आणि त्या प्रकाराचा खडबडीत, तुटक पोत या मर्यादेतून आला. जॅझ रॅपचा सांगाडा बहुधा हाच असतो, फक्त वर जॅझचे सूर येतात. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या गटाने १९९१ च्या अल्बमसाठी रॉन कार्टर यांच्यासारख्या ज्येष्ठ जॅझ वादकाला बास वाजवायला बोलावले होते. लॉस एंजेलिसच्या बाजूला १९९२ पासून डॉ. ड्रे याने सत्तरच्या दशकातील फंक संगीत संथ करून त्यावर सिंथचा (विद्युत सुरांच्या वाद्याचा) बारीक, लांबत जाणारा सूर ठेवला, तो जी-फंक.

ट्रॅप हा अटलांटाचा. तेथे रोलंड टीआर-८०८ या १९८० साली आलेल्या तालयंत्राची (थोडक्यात ८०८) किक लांबवून तिचाच खर्ज बनवतात, आणि हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) इतकी बारीक चिरतात की ती तडतडत धावते. मोजताना १४० असले तरी स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडत असल्यामुळे कानाला ७० ची संथ चाल जाणवते. तुमची अडचण मला तरी येथेच दिसते. ड्रिल शिकागोत २०१२ च्या सुमारास गाजले, पण आज आपल्याकडे ड्रिल म्हणून जे केले जाते ते बहुतांशी लंडनच्या वळणाचे असते : घसरत जाणारा खर्ज, अनपेक्षित जागी सरकलेली स्नेअर आणि ३-३-२ अशा गटांत वाजणारी हाय-हॅट. ग्राइमला अनेक जण हिप-हॉपमध्ये मोजतात, परंतु ते लंडनच्या नृत्यसंगीतातून आलेले वेगळे घराणे आहे. ब्रिस्टलचे ट्रिप-हॉप हे संथ, धूसर वातावरणाचे संगीत आहे, ते तुमच्या कामाचे नाही.

मिश्रणाबद्दल एवढेच सांगतो की ते हिप-हॉपमध्ये प्रारंभापासून आहे. आफ्रिका बंबाटाने १९८२ साली जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाचे यांत्रिक सूर ८०८ वर आणले, रन-डीएमसीने १९८६ साली एरोस्मिथबरोबर रॉक आणले, आणि २०१२ साली बेंगळुरूच्या ब्रोधा व्ही याने इंग्रजी रॅपमध्ये रामाचे भजन गुंफले. त्यामुळे हलगी आणली म्हणून आपण काही परके करत आहोत असे वाटू देऊ नका.

उत्तर २ : निपाणीकर

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. वरच्या उत्तरातील ‘मधली जागा कशाने भरली आहे’ हा मुद्दा तुमच्या गाण्याला अगदी लागू पडतो. हलगी शेकून चढवली की तिचा आवाज उंच, कोरडा आणि फुटणारा होतो. जाड काठीचा घाव स्नेअरच्या पट्ट्यात येतो आणि दुसऱ्या हातातील बारीक लवचीक काडीची तडतड नेमकी हाय-हॅटच्या पट्ट्यात येते. ट्रॅपमध्ये ती जागा हाय-हॅटने आधीच काठोकाठ भरलेली असते. दोन माणसे एकाच वेळी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगू लागली तर जे होते, तेच तुमच्याकडे झाले आहे.

म्हणून हाय-हॅट पूर्णपणे काढून टाका, स्नेअरही काढा, आणि ती दोन्ही कामे हलगीला द्या. खाली ८०८ चा खर्ज ठेवायला हरकत नाही, कारण हलगीला खर्ज नाही. मात्र तो गाण्याच्या सुरात लावून घ्या. पुढे कधी ढोल आणलात तर ढोल आणि ८०८ यांचीही अशीच टक्कर होईल, तेव्हा एकालाच ठेवावे लागेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काकांना कानात क्लिक (गती दाखवणारी टिकटिक) देऊन वाजवायला लावू नका. प्रथम त्यांना त्यांच्या चालीने वाजवू द्या, ते ध्वनिमुद्रित करा आणि मग लॅपटॉपवरील गती त्यांच्या हाताला जुळवून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घाव रेघेवर, म्हणजे मोजलेल्या नेमक्या जागी, सरळ करण्याची जी सोय असते, ती येथे वापरली तर हलगीतला झोल, म्हणजे लयीतले डुलणे, मरते. डेट्रॉइटच्या जे डिला या बीटकाराचे नाव आज आदराने घेतले जाते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे की तो ठोके असे रेघेवर आणत नसे आणि ते किंचित मागेपुढे राहू देत असे.

ड्रिल करायचेच असेल तर एक शक्यता आहे. ३-३-२ ची बेरीज आठ होते आणि आपला भजनी ठेकाही आठ मात्रांचा आहे, त्यामुळे काकांना तो तुकडा तोंडी म्हणून दाखवला तर ते तो सहज उचलतील. तरीही पहिले गाणे त्यांच्या नेहमीच्या चालीवर करावे, असे मला वाटते.

उत्तर ३ : चिकोडीची शिक्षिका

तालाबद्दल दोघांनी नेमके सांगितले आहे, पण प्रश्नाचा भाषेचा भाग अजून राहिला आहे आणि तो मला तितकाच मोलाचा वाटतो.

इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर जोर असतो आणि रॅप करणारा ते अक्षर स्नेअरवर टाकतो. मराठीत तसा जोर नाही. आपल्याकडे वजन येते ते लघु-गुरूमुळे आणि जोडाक्षरामुळे. त्यामुळे इंग्रजी किंवा हिंदी गाण्याचा फ्लो (शब्दांची चाल) जसाच्या तसा उचलला तर मराठी शब्द ओढल्यासारखे, मोडल्यासारखे ऐकू येतात. हलगीच्या घावावर गुरू अक्षर किंवा जोडाक्षर येईल अशी ओळ लिहून पाहा. दुसरे असे की मराठी वाक्य क्रियापदावर संपते, म्हणून ‘आहे-राहे’, ‘करतो-मरतो’ अशी सोपी यमके हाताशी येतात आणि चार ओळींत कंटाळा आणतात. १९८७ च्या सुमारास रॅकीम या अमेरिकन रॅपरने ओळीच्या पोटात यमके पेरण्याची रीत रुजवली. आपल्या शाहिरांना आणि संतांना अंतर्यमक आणि अनुप्रास त्याच्याही फार आधीपासून ठाऊक होते. पुण्यामुंबईच्या मराठी रॅपपेक्षा तुमचे वेगळेपण कशात असेल, तर ते आपल्या बोलीत आहे. ‘काय करतोयस’ आणि ‘काय करूलास’ यांचा अर्थ एकच असला तरी चाल वेगळी आहे, आणि तुमच्या रोजच्या बोलण्यातली ही चाल गाण्यात यायलाच हवी.

तुमच्या गटात कन्नडमध्ये रॅप करणारा मित्र आहे, हे मी तुमचे सर्वांत मोठे बळ मानते. कन्नड वाक्यही क्रियापदावरच संपते, त्यामुळे मराठी ओळीला कन्नड ओळीने त्याच जागी यमक जुळवून उत्तर देता येते. आणि उत्तर देण्याची परंपरा तर दोन्ही भाषांत आहे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रंगत, त्यात कलगीवाले शक्तीची बाजू घेत आणि तुरेवाले शिवाची, आणि रात्रभर सवाल-जवाब चालत. याच जिल्ह्यांतील कन्नड गीगी पदांत हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष असतात आणि तेही पुरुष श्रेष्ठ की स्त्री श्रेष्ठ यावर भांडतात. हार्लेममध्ये १९८१ साली कूल मो डी आणि बिझी बी या रॅपरांचा जो सामना झाला, त्यापासून रॅपच्या लढतीत शब्दांच्या धारेला महत्त्व आले असे मानतात. तो प्रसंग वाचताना मला फडावरचा डफ आणि तुणतुणे आठवले. झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत शाहिराची ओळ उचलतो, ते काम रॅपमध्ये मुख्य गायकाची ओळ उचलणारा जोडीदार करतो. तुमच्या गाण्यात एक कडवे मराठीत आणि दुसरे कन्नडमध्ये असे दोन शेजारी तुकडे ठेवू नका. सवाल मराठीत टाका आणि जवाब कन्नडमध्ये घ्या.

उत्तर ४ : शहापूर, बेळगाव

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका ‘फ्यूजन’ कार्यक्रमात आमच्या ओळखीचे हलगीवादक वाजवून आले. फलकावर गायकाचे, गिटारवाल्याचे आणि डीजेचे नाव होते, आणि यांच्यासाठी केवळ ‘लोककलाकार’ असा शब्द होता. मानधनही सर्वांत कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या ही कला ज्या समाजांनी जपली, त्यांना गावाने हलगी वाजवायला बोलावले पण मान दिला नाही, हे आपल्या भागात कोणाला वेगळे सांगायला नको. गाण्याच्या श्रेयनामावलीत काकांचे नाव रॅपरच्या बरोबरीने यावे आणि पुढे उत्पन्न झाले तर त्यातील वाटा आधीच लिहून ठरवावा.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा घ्यायचा असेल तरीही परवानगी घ्या. १९९१ साली रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्ध अमेरिकेत निकाल लागल्यापासून सॅम्पलसाठी (असा तुकडा वापरण्यासाठी) परवानगी घेणे तेथे अटळ झाले, आणि २००२ साली अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्स हिच्या गाण्यात लता मंगेशकरांच्या आवाजाचा तुकडा परवानगीविना वापरला गेला तेव्हा ते प्रकरणही न्यायालयात गेले. सौंदत्तीच्या जत्रेत मोबाइलवर टिपलेला, यल्लम्मा देवीच्या सेवेतील जोगतिणीचा आवाज आणि तिचे चौंडके हे वाद्य हे ‘कोणाचेच नाही’ असे समजून बीटमध्ये टाकलेले मी ऐकले आहे. तो आवाज एका जिवंत बाईचा असतो आणि ते गाणे तिची सेवा असते. तिला विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही काकांच्या अंगणातच बसलो आणि निपाणीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे क्लिक न लावता त्यांची हलगी ध्वनिमुद्रित केली. त्यांची चाल मोजली तर ९२ च्या आसपास निघाली आणि शेवटी शेवटी ती ९६ पर्यंत चढली. ती चढण आम्ही तशीच ठेवली आहे. हाय-हॅट आणि स्नेअर काढल्यावर पहिल्यांदाच हलगीचा प्रत्येक घाव स्वच्छ ऐकू आला. आता याला बूम बॅप म्हणायचे का, यावर आमच्यातल्या दोघा मित्रांत अजून वाद आहे, कारण खाली खर्ज ट्रॅपचाच राहिला आहे.

मॅडम, सवाल-जवाबाची कल्पना मान्य झाली आणि त्यासाठी दोन्ही कडवी मोडून नव्याने लिहायला घेतली आहेत. कन्नड मित्राच्या आजोबांना गीगी पदे पाठ आहेत, हे आम्हाला या निमित्ताने कळले. शहापूरच्या दादांचे उत्तर मी काकांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव माझ्या वहीत लिहून दिले आणि त्याखाली त्यांना हलगी शिकवणाऱ्या चुलत्यांचेही नाव लिहिले. श्रेयनामावलीत दोन्ही नावे येतील.