शर्कराकंदावरील पाने खाणारी अळी: कोणते कीटकनाशक निवडावे?

प्रश्न
इंदापूर तालुक्यात नोव्हेंबरमध्ये दोन एकर शर्कराकंद (शुगर बीट) लावला आहे. पीक सत्तर दिवसांचे असून तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीने, म्हणजे स्पोडोप्टेराने, पानांची चाळण केली आहे. सायपरमेथ्रीन फवारूनही चार दिवसांनी अळ्या होत्या तेवढ्याच दिसल्या. दुकानदार इमामेक्टीन बेन्झोएट सुचवतात, शेजारी क्लोरअँट्रानिलीप्रोलचा आग्रह धरतात, तर एकाने युरोपातल्या इमिडाक्लोप्रिडच्या बीजप्रक्रियेचा दाखला दिला. यांत नेमका फरक काय?

उत्तर १
बीजप्रक्रियेचा विचार सोडावा. युरोपात ती प्रामुख्याने मावा आणि त्याच्यामार्फत पसरणारे पिवळेपणाचे विषाणू रोखण्यासाठी होती, शिवाय उघड्या शेतातील तो वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला. सायपरमेथ्रीनसारख्या औषधांना ही अळी बऱ्याच भागांत दाद देत नाही आणि त्यांनी मित्रकीटक मात्र मरतात.

इमामेक्टीन पोटात गेल्यावर अळी लुळी पडते, मात्र पानावरचा त्याचा अंश उन्हात लवकर नष्ट होतो. क्लोरअँट्रानिलीप्रोल महाग असले तरी अळीचे खाणे काही तासांत थांबते आणि संरक्षण अधिक दिवस टिकते. त्यामुळे अंडी टप्प्याटप्प्याने उबत असतील तर मी क्लोरअँट्रानिलीप्रोल निवडेन, पण लागोपाठ तेच फवारणार नाही. लेबलवर या पिकाची शिफारस आहे का, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच खरेदी करावी.

उत्तर २
औषधाइतकीच अळीची अवस्था महत्त्वाची आहे. लहान अळ्या पानाखाली घोळक्याने असतात आणि सहज मरतात. मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात. मी एकदा दुपारी कंदाशेजारची माती खुरप्याने उकरली, तेव्हा बोटाएवढ्या अळ्या वेटोळे करून बसलेल्या सापडल्या आणि सकाळची फवारणी का वाया गेली ते तिथेच उमगले. म्हणून फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी आणि तपकिरी केसांनी झाकलेले अंडीपुंज पानासकट तोडून नष्ट करावेत. पाने गेली की नवी पाने फोडण्यासाठी कंद साठवलेलीच साखर खर्च करतो, म्हणून उशीर करू नये.

प्रश्नकर्ता
काल रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन पाहिले. बांधालगतच्या चार ओळींत मोठ्या अळ्या आहेत, आतल्या भागात अंडीपुंज आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या आहेत. आज अंडीपुंज वेचून घेतो आणि लेबलची खात्री करूनच संध्याकाळच्या फवारणीचे ठरवतो.