‘आशयानुसार फाळणी’ की ‘खंडीकरण’? व्हिडिओच्या चौकटीचे तुकडे करताना

वेलांटी : व्हिडिओ कॉम्प्रेशनवरील, म्हणजे व्हिडिओ कमी जागेत बसवण्याच्या तंत्रावरील, एका लेखाचे भाषांतर करताना मी ‘एन्कोडर प्रत्येक चौकटीची आशयानुसार फाळणी करतो’ असे वाक्य लिहिले होते. एन्कोडर म्हणजे हे काम करणारी प्रणाली, आणि चौकट म्हणजे व्हिडिओतील एकेक स्थिर चित्र. लेख तपासणाऱ्यांनी ‘फाळणी’ खोडून तेथे ‘खंडीकरण’ हा शब्द घातला आणि समासात ‘फाळणी देशाची होते, चित्राची नव्हे’ असा शेरा मारला. माझे आजोबा मात्र घरखर्चाच्या संदर्भात ‘आता याची फाळणी करू या’ असे सहज म्हणत असत, आणि त्यात कोणालाही इतिहास आठवत नसे. तेव्हा येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

रफार : आपल्या आजोबांचा प्रयोग अस्सल आहे. ‘फाळा’, म्हणजे वाट्याला आलेली कराची रक्कम, आणि ‘फाळणी’ हे शब्द एकाच कुळातले असावेत असा माझा तर्क आहे. एन्कोडरही चौकटीच्या कोणत्या भागाला किती बिट, म्हणजे साठवणीची किती जागा, द्यायचे हेच ठरवत असतो, म्हणून हा शब्द मला नेमका वाटतो. ‘खंडीकरण’ हे मात्र शब्दकोशात बसून तयार केलेले रूप आहे, आणि ‘खंड पडणे’ म्हणजे मध्येच थांबणे, हे मराठी कान विसरत नाही.

काथ्याकूट : मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून ‘खंडीकरणा’वर माझा वेगळा आक्षेप आहे. चित्रातून माणूस, झाड, आकाश अशा वस्तू वेगळ्या काढण्याच्या क्रियेसाठी तो शब्द आधीच वापरला जातो, आणि कॉम्प्रेशनमध्ये तसे काही घडत नाही. एच.२६४ या २००३ च्या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकात चौकटीचे १६×१६ पिक्सेलचे ठोकळे पाडून ते गरजेप्रमाणे ४×४ पर्यंत लहान करता येत होते. २०१३ च्या एच.२६५ मध्ये मूळ ठोकळा ६४×६४ पर्यंत वाढला आणि त्याचे चार, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असे झाड तयार होऊ लागले. २०२० च्या एच.२६६ मध्ये हीच मर्यादा १२८×१२८ वर गेली. मोकळ्या आकाशाला एकच मोठा ठोकळा पुरतो, तर केसांच्या कडेशी बारीक ठोकळे पडतात. आम्ही कामाच्या ठिकाणी ‘ब्लॉक स्प्लिट झाला’ असे म्हणतो आणि आमचे काही अडत नाही.

रफार : आपले अडत नाही, कारण आपल्याला ते आधीच समजलेले आहे. ज्याला समजलेले नाही त्याच्यासाठीच मराठी शब्द हवा असतो. ‘ठोकळा’ हा शब्द आपण स्वतः वापरलात, याची नोंद घ्यावी.

उपान्त्य : माझ्या मते खरा पेच ‘फाळणी’त नसून ‘आशयानुसार’ या शब्दात आहे. मी हा विषय शिकवताना ‘आशयानुसार विभागणी’ असे फळ्यावर लिहिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने ‘म्हणजे बातम्यांची विभागणी वेगळी आणि नृत्याची वेगळी का?’ असे विचारले. तिची चूक नव्हती, कारण मराठीत आशय म्हणजे सांगण्याचा अर्थ किंवा हेतू. गंमत अशी की संस्कृतात आशय म्हणजे ठेवण्याची जागा. जलाशयात पाणी हा ऐवज असतो आणि आशय हे त्याचे पात्र. आत काय आहे हे सांगण्यासाठी आपण भांड्याचे नाव वापरत आहोत.

वेलांटी : मग ‘तपशिलानुसार’ म्हणावे काय? जेथे तपशील अधिक तेथे ठोकळे लहान, असा अर्थ त्यातून निघतो.

काथ्याकूट : तोही अपुरा पडेल. कॅमेरा स्थिर असेल आणि मागे बारीक विटांची भिंत असेल, तर तपशील भरपूर असूनही तेथे मोठा ठोकळा पुरतो, कारण ती भिंत मागील चौकटीतून जशीच्या तशी उचलता येते. त्याउलट साध्या रंगाचा हात हलत असेल तर त्याच्या कडेशी तुकडे पडतात. एन्कोडर प्रत्येक पर्यायासाठी दोन गोष्टी मोजतो : किती बिट खर्च होतील आणि चित्र किती बिघडेल. या दोहोंचा एकत्रित भार ज्या पर्यायात सर्वांत कमी, तो स्वीकारला जातो. चित्रात माणूस आहे की विहीर, हे त्याला ठाऊक नसते. वस्तूंच्या आकारानुसार चित्र वेगळे करून साठवण्याची सोय एमपेग-४ या १९९९ च्या मानकात होती, परंतु व्यवहारात ती फारशी रुजली नाही.

उपान्त्य : म्हणजे ‘आशयानुसार’ हे भाषांतर म्हणूनच नव्हे, तर माहिती म्हणूनही अर्धवट आहे.

काथ्याकूट : काही तुकडे तर चित्र न पाहताच पडतात. १०८० ओळींच्या चौकटीत ६४ ओळींचे सोळा पूर्ण थर बसले की ५६ ओळी उरतात, आणि १२८ चे आठ थर बसवले तरी ५६ च उरतात. त्या शेवटच्या थरातील ठोकळा चौकटीबाहेर जात असल्याने, तेथे निव्वळ आकाश असले तरी तो तोडावा लागतो. शिवाय ‘स्लाइस’ आणि ‘टाइल’ हे अनेक ठोकळ्यांचे मोठे तुकडे समांतर कामाच्या किंवा प्रसारणाच्या सोयीसाठी पाडतात. त्यांचा आशयाशी संबंध येईलच असे नाही.

रफार : त्यांना ‘काप’ आणि ‘लादी’ म्हणावे. ‘खंड’ हा शब्द सगळीकडे उधळला तर या दोघांसाठी काही उरणार नाही.

जोडाक्षर : ‘लादी’ वाचून मला पाव आठवतो, फरशी आठवत नाही. ज्या शब्दाचे स्पष्टीकरण मूळ शब्दापेक्षा लांब होते, तो शब्द मराठी असूनही वाचकाच्या उपयोगाचा नाही. मी ‘टाइल’ असेच लिहीन आणि क्रियापद मराठी ठेवीन.

वेलांटी : सर्वांचे आभार. माझे मूळ सहा शब्दांचे वाक्य आता ‘कमीत कमी बिटांत चित्र कमीत कमी बिघडावे, या हिशेबाने एन्कोडर प्रत्येक चौकटीचे लहानमोठे ठोकळे पाडतो’ असे झाले आहे. यात ‘आशय’ नाही आणि ‘फाळणी’ही नाही, त्यामुळे तपासणाऱ्यांशी वाद उरणार नाही, परंतु फाळणी चूक होती की नव्हती, हे मला अजूनही कळलेले नाही.

रफार : चूक नव्हती. आपण माघार घेतलीत, याचे वाईट वाटते.

काथ्याकूट : वाक्य बरोबर आहे. मात्र पुढील परिच्छेदात एच.२६६ मधील तीन भागांची तोड येणार असेल, तर तिला ‘तिभागणी’ म्हणू नये, कारण ते भाग समान नसून १:२:१ या प्रमाणात असतात.

जोडाक्षर : ‘दुभागणे’ या शब्दात तरी दोन भाग समान असलेच पाहिजेत, असे कोठे म्हटले आहे?