मदत हवी आहे : क्रिमिनल जस्टिसच्या पदवीत आकडेवारीपाशी गाडी अडलीय

नमस्कार मंडळी,

मी क्रिमिनल जस्टिसच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष झपाटल्यासारखं वाचून काढलं. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच, ही खात्री गुन्ह्याला आवर घालते, असं इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये मांडलं होतं. ते वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

अडलंय ते संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्रापाशी. परवा चोरीच्या नोंदींचा आलेख काढला. रेघ वर चढलेली, म्हणून खाली लिहिलं, 'चोऱ्या वाढल्या'. मॅडमनी शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं : 'चोऱ्या वाढल्या की तक्रारी?' तेव्हापासून तो प्रश्न पाठ सोडत नाही. कितीतरी लोक पोलिसांपर्यंत जातच नाहीत, म्हणून थेट लोकांना विचारून सर्वेक्षणं करतात, इतपत कळलं. पण हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष कसा काढायचा? व्याख्या वेगळ्या, कालावधी वेगळा. खून तर सर्वेक्षणात येणारच नाही, सांगायला माणूसच उरलेला नसतो.

गणित सुटून बरीच वर्षं झालीत. आधी सरासरी, दर, सहसंबंध हे हाताने सोडवून पक्कं करू, की थेट सॉफ्टवेअर शिकू? मला पुढे सुटून आलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनात काम करायचंय, मनापासून. तिथे प्रत्यक्षात यातलं कितपत लागतं? प्रोबेशनमध्ये (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांसोबत) काम केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सविस्तर लिहा.