हलाखा, हलाखी आणि भाच्याचा हेडसेट

बीरशेबाची मावशी:
काल एका गृहस्थांनी इथे, आपल्या बेने इस्राएल म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या गप्पांत, लिहिलं की व्हिडिओ गेम खेळून पोट भरणारा म्हणजे मिश्नातला, आपल्या जुन्या नियमसंहितेतला, फासेबाज, हलाखाप्रमाणे म्हणजे धर्मकायद्याने त्याची साक्ष चालत नाही, अशाला कुणी मुलगी देऊ नये. माझा भाचा नेमकं तेच करतो, त्यामुळे रात्रभर झोप नाही. आता सविस्तर ऐका.

मिश्नाच्या सन्हेद्रिन या भागाच्या तिसऱ्या अध्यायात फासे खेळणारे, व्याजबट्टा करणारे, कबुतरं उडवणारे आणि सातव्या, म्हणजे जमिनीला विश्रांती द्यायच्या, वर्षाचं पीक विकणारे साक्षीला अपात्र, हे खरं. पण लगेच पुढे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यहूदा विचारतात, कधी? दुसरा धंदाच नसेल तेव्हा. हे वाक्य तुम्ही सोयीस्कर गाळलंत. गमारात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेत, रामी बर हामा हा पंडित कारण देतो की हरणारा मनापासून पैसे देत नाही, म्हणून ती एका अर्थी चोरी. माझ्या भाच्याला बक्षीस प्रायोजक देतात. समोरच्या खेळाडूच्या खिशातली दमडी त्याच्याकडे येत नाही. मग चोरी झाली कुणाची?

आणि शुक्रवारी मी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचे, दिवे लावायच्या आत तो स्वतः सगळ्या वायरी काढून ठेवतो. अंतिम फेरी शनिवारी आली म्हणून दोन स्पर्धा सोडल्यात त्याने.

घाण्याचा बैल:
मीच तो गृहस्थ. रामी बर हामा बरा आठवला, रव शेशेत हा दुसरा पंडित कुठे गेला? त्याच पानावर तो म्हणतो की दोष चोरीचा नाहीच, ही माणसं जगाची घडी बसवायला हातभार लावत नाहीत. भाचा दुसरं काही करतो का? नाही ना? मग रब्बी यहूदाही तुमचे नाहीत. मुलाला धंदा न शिकवणारा बाप त्याला दरोडा शिकवतो, हेही त्यांचंच.

आमचे आजोबा कोकणात नवगावला घाणा चालवायचे. शनिवारी बैल सोडलेला, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. पण हाताला तेलाचा वास होता हो! भाच्याच्या हाताला कसला वास येतो?

बीरशेबाची मावशी:
बिस्किटांचा. आणि तुमच्या हाताला कसला? बँकेत होतात ना आयुष्यभर, व्याजवाले? यादीत दुसराच नंबर आहे तुमचा.

दोन ओळींत सांगतो:
रेश लाकिशने स्वतःला ग्लॅडिएटरवाल्यांना विकलं होतं, तालमूद (मिश्ना आणि गमारा मिळून), गिट्टिन भाग, पान ४७. पुढे केवढा रब्बी झाला.

घाण्याचा बैल:
ते सोडलं म्हणून झाला.

लोदचा पावभाजीवाला:
चालू द्या. पण ज्यांच्या जोरावर भांडताय, त्या रब्बींनी आपल्याशी काय केलं ते विसरलात? १९६२ साली इस्रायलच्या रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं, बेने इस्राएल लग्नाला आला की आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन कुळाची चौकशी करा. माझ्या आईचं लग्न १९६३चं. कचेरीतल्या माणसाने विचारलं, आजीची आजी कोण? तिला एवढंच माहीत होतं की ती रेवदंड्याची आणि खोबऱ्याच्या वड्या छान करायची. तेच सांगितलं. तो हसला. आई ते हसणं मरेपर्यंत विसरली नाही. आणि साक्षीला अपात्र कोण, तर गेम खेळणारा पोरगा!

घाण्याचा बैल:
विषय काय, बोलताय काय! ते प्रकरण १९६४ सालीच मिटलं. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, क्नेसेतने, म्हणजे संसदेने, ठराव केला, रब्बींनी फर्मानातून आपलं नाव काढलं.

लोदचा पावभाजीवाला:
नाव काढलं, चौकशी ठेवली. 'ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल त्याची' असं केलं. मिटलं म्हणे! तुमच्या घरात कुणाला विचारलं नसेल.

घाण्याचा बैल:
माझ्या मोठ्या भावाला विचारलं होतं. मी चार चौघांत सांगत नाही, म्हणजे झालं नाही असं समजू नका. आणि आवाज खाली.

मलिद्याचं ताट:
दोघेही थांबा. त्या कारकुनाचा राग तालमूदवर का? त्यातल्या तानीत भागाचं पान २२ काढा. बे लेफेतच्या बाजारात रब्बी बेरोका प्रेषित एलियाहू हन्नाबीला विचारतात, या गर्दीत परलोकात वाटा असलेला कुणी आहे का? हन्नाबी दोन भावांकडे बोट दाखवतो. धंदा विचारला तर म्हणाले, आम्ही विदूषक, उदास माणसाला हसवतो आणि भांडणारे दिसले की समेट घडवतो. ज्याच्या नावाने आपण घरोघर मलिदा करतो त्याचाच हा निवाडा आहे.

माझा मुलगा पाय मोडून दोन महिने पडून होता. रात्री दोनला एका पोराचा खेळ लाइव्ह बघायचा. तो पोरगा मधेच खेळ थांबवून एकेकाला विचारायचा, जेवलास का? माझ्याशी न बोलणारा मुलगा त्याला टाइप करून सांगायचा, आईने खिचडी केलीय, अळणी आहे.

घाण्याचा बैल:
विदूषक मान्य. हन्नाबीच्या पुढे मी कोण! पण विदूषक शिव्या देत नव्हते. मावशींच्या भाच्याचं लाइव्ह ऐकलंय मी, अर्ध्या हिब्रूत, अर्ध्या मराठीत.

बीरशेबाची मावशी:
मराठीतल्या माझ्याकडून शिकला. म्हणजे तासभर बघितलंत तर!

घाण्याचा बैल:
वीस मिनिटं. आता याचं उत्तर द्या. वायरी काढल्या तरी त्याचे जुने व्हिडिओ शनिवारी चालूच असतात, जाहिरातीचे पैसे जमा होतात. शब्बाथची कमाई चालत नाही.

दोन ओळींत सांगतो:
हावलाआ, म्हणजे शनिवारची कमाई इतर दिवसांच्या कमाईत मिसळून घेणं. महिन्याचा हिशेब एकत्र येतो, शनिवारचे पैसे सुटे मोजले जात नाहीत. प्रार्थना चालवणाऱ्या हझानचा पगारही असाच देतात.

घाण्याचा बैल:
महिन्याने एकरकमी येतात का, मावशी?

बीरशेबाची मावशी:
हो, एकरकमी. त्यातून घरभाडं तोच भरतो.

घाण्याचा बैल:
मग कमाई चालेल. मुलगी देणं वेगळं.

बीरशेबाची मावशी:
मागितली कुणी?