मदत हवी आहे: नाशिकच्या इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात स्वस्त लोकल फायबर इंटरनेट

महागडं कनेक्शन सोडून केबलवाल्याचं १०० एमबीपीएस फायबर घ्यायचंय. अडचण एकच, सीसीटीव्हीच्या एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बाहेरून थेट जोडायचंय. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा आयपी दिसला की तो सीजीनॅट, म्हणजे एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून एनव्हीआरकडे वळवणं) चालत नाही. या भागात स्टॅटिक आयपी (आपला स्वतःचा, न बदलणारा) कोण देतं? १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला किती पडतो?

तुमच्या ओएनटीवर (घरात फायबरची वायर जिला जोडतात ती पेटी) सिग्नल किती येतो, तेही कृपया सांगा. उणे २० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते, आणि पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की नेमकं हेच होतं. जॉइंट बंद डब्यात आहे की नुसती टेप गुंडाळलीय, एवढं कुणी बघून सांगेल का?